प्लुटोनियम : ठेव की ओझे?

अणुभट्टीतून बाहेर काढलेले वापरलेले इंधन ही निव्वळ राख नसते. निसर्गातील युरेनियममध्ये सहज भंग पावणारे युरेनियम-२३५ जेमतेम ०.७ टक्के; बाकी जवळजवळ सारे युरेनियम-२३८. भट्टीत त्यातील काही अणुकेंद्रे न्यूट्रॉन गिळतात व दोन पायऱ्यांनी प्लुटोनियम-२३९ बनतात. तेही भंग पावून ऊर्जा देते. मग त्याला कचरा म्हणायचे की ठेव? या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक देशाने वेगळे दिले.

डॉ. होमी भाभांनी १९५४ मध्ये मांडलेला हिशेब असा : आपल्याकडे युरेनियम थोडे, थोरियम भरपूर. पण थोरियम स्वतः इंधन नव्हे. न्यूट्रॉन पुरवून त्याचे युरेनियम-२३३ करावे लागते. दह्याला विरजण लागते, तसे येथे प्लुटोनियम लागते. ते पहिल्या टप्प्यात मिळवायचे, दुसऱ्यात प्रजनक भट्टीत वाढवायचे आणि मग थोरियमकडे वळायचे. म्हणूनच १९६४ मध्ये तुर्भे येथे प्लुटोनियम वेगळे करणारा कारखाना सुरू झाला. तारापूरची अणुवीज त्यानंतर पाच वर्षांनी आली!

पण हेच विरजण बाँबलाही चालते. १९४५ मध्ये नागासाकीवर पडलेल्या बाँबमध्ये सुमारे ६ किलो प्लुटोनियम होते. १९७४ च्या पोखरण स्फोटातही आपण प्लुटोनियमच वापरले. हा धोका पुढे करून अमेरिकेचे अध्यक्ष कार्टर यांनी १९७७ मध्ये व्यापारी पुनर्प्रक्रिया बेमुदत थांबवली. रेगन यांनी १९८१ मध्ये बंदी उठवली, तरी उद्योग परतला नाही. नवे युरेनियम स्वस्त पडत होते. जपानच्या मोंजू भट्टीत १९९५ मध्ये सोडियम गळून आग लागली. २०१६ मध्ये ती मोडीत काढण्याचे ठरले. फ्रान्सने सुपरफिनिक्स ही मोठी प्रजनक भट्टी बंद केली, पण साध्या भट्ट्यांतून प्लुटोनियम जाळणे चालू ठेवले.

आपण मात्र वाट सोडली नाही. कल्पाक्कमची छोटी प्रायोगिक भट्टी १९८५ मध्ये चालू झाली. ५०० मेगावॅटच्या भट्टीचे बांधकाम २००४ मध्ये सुरू झाले. तिचा गाभा भरण्यास सुरुवात व्हायला मार्च २०२४ उजाडले.

यातून आपण काय घ्यावे? भाभांचे भौतिकशास्त्र चुकले नाही. परंतु ऊर्जासाधनाची किंमत केवळ त्यात दडलेल्या ऊर्जेवर ठरत नाही. ते वेगळे काढण्याचा खर्च, वाढीला लागणारा काळ, राखण्याची जबाबदारी, हे सारे त्यात मोजावे लागते. प्लुटोनियम-२३९ चे अर्धे आयुष्य सुमारे २४,००० वर्षे आहे. ते वापरायचे नाही असे ठरवले, तरी राखण करावीच लागते. वर्गात या प्रश्नाच्या दोन्ही बाजू मांडायला लावाव्यात. विद्यार्थ्यांनी निकाल देण्यापूर्वी आकडे मागावेत, एवढाच आग्रह असावा.