कोलारचे सोने आणि ते काढणारी माणसे

औद्योगिक वसाहतींचा इतिहास लिहिणारे बहुधा मालकाच्या बंगल्यापासून सुरुवात करतात. कोलारच्या सुवर्णखाणींचेही तेच झाले. १८८० साली जॉन टेलर अँड सन्स ही लंडनची कंपनी म्हैसूर संस्थानात आली. १९०२ मध्ये शिवनसमुद्रची वीज बंगलोरच्या आधी या खाणींना मिळाली. क्लब झाला, गोल्फचे मैदान झाले. गोरे लोक गावाला ‘लिटल इंग्लंड’ म्हणू लागले. हे सारे खरे. पण सोने वर काढले कोणी?

मुख्यतः उत्तर अर्काटकडून आलेल्या, गावकुसाबाहेरच्या तमिळ आदि-द्रविडांनी. वर युरोपियन साहेब, त्यांच्याखाली अँग्लो-इंडियन, पहाऱ्यावर पंजाबी आणि जमिनीच्या पोटात हे. चातुर्वर्ण्याला इथे नवी उतरंड सापडली! तरीही रोख मजुरीचे मोल मी कमी लेखणार नाही. माझे आजोबा गावकी सोडून गिरणीत गेले, म्हणून मी आज वर्गात उभा आहे.

मात्र त्या मजुरीची किंमत भयंकर होती. चॅम्पियन रीफची खाण तीन किलोमीटरहून खोल गेली. तिथे खडकच चटके देई. ताणाने अचानक फुटे आणि माणसे गाडली जात. जे वाचत, त्यांच्या फुप्फुसांत सिलिकाची धूळ साचे.

याच माणसांनी मारिकुप्पम येथे शाक्य बौद्ध संघाची शाखा चालवली. पंडित अयोत्तीदास यांचे १९०७ पासून मद्रासहून निघणारे तमिळ साप्ताहिक ते वाचत, वाचून दाखवत. नागपूरच्या दीक्षेआधी जवळजवळ अर्धशतक! आपल्यापैकी किती जणांना हे ठाऊक आहे? १९३० साली बोटांचे ठसे घेण्याच्या हुकमाविरुद्ध त्यांनी संप केला. गुन्हेगारासारखी नोंद त्यांना मान्य नव्हती. हा लढा पगाराइतकाच माणूसपणाचा होता.

१९५६ मध्ये खाणी म्हैसूर सरकारकडे, १९६२ मध्ये केंद्राकडे आल्या. मालक बदलला, खाली उतरणारी माणसे तीच राहिली. बाबासाहेबांनी १९३८ साली मनमाडच्या रेल्वे कामगारांपुढे ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले होते. राष्ट्रीयीकरणाने त्यांतल्या एकालाच हात लावला, तोही अर्धवट.

दगडातले सोने घटले, खोलीबरोबर खर्च वाढला. २८ फेब्रुवारी २००१ रोजी खाणी बंद झाल्या. सुमारे आठशे टन सोने गेले. मागे सायनाइडने धुतलेल्या मातीचे डोंगर उरले. वारा सुटला की ती माती घराघरांत शिरते. खाणकामगारांची मुले पहाटेच्या गाडीने बंगलोरला कामाला जाऊ लागली, रात्री परतू लागली. पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या खोल्या आपल्या नावावर करा, ही मागणी त्यांना खाणी बंद झाल्यावरही करत राहावी लागली.