नदीत सापडलेला चेहरा आणि छाती दाबायचा धडा

ऑफिसातल्या किंवा मुलांच्या शाळेतल्या सीपीआरच्या वर्गात गुडघे टेकून तुम्ही कधीतरी एका प्लास्टिकच्या बाहुलीची छाती दाबली असेल. बहुधा अर्धं लक्ष घड्याळाकडे ठेवून. या बाहुल्यांमधली सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे ॲन. मिटलेले डोळे, ओठांच्या कोपऱ्यात हसू आल्यासारखं.

तो चेहरा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पॅरिसमधला आहे. सीन नदीत एका तरुणीचं प्रेत सापडलं, ओळख पटेना, म्हणून शवागारात तिच्या चेहऱ्याचा साचा घेतला, अशी आख्यायिका. बुडालेल्या माणसाचा चेहरा इतका शांत राहत नाही, तेव्हा तो साचा एखाद्या जिवंत मुलीचाच असावा असं काही जाणकार म्हणतात. मलाही तेच पटतं. काही असो, त्या मुखवट्याच्या प्रती युरोपभर घरोघरी भिंतींवर लागल्या. त्यातली एक नॉर्वेतल्या ओस्मुंड लेर्डल यांनी नातेवाइकांच्या घरी पाहिली होती.

लेर्डल डॉक्टर नव्हते. स्टाव्हांगरला त्यांचा खेळण्यांचा कारखाना होता आणि मऊ प्लास्टिकच्या बाहुल्या बनवण्यात त्यांचा हातखंडा. त्यांचा लहानगा मुलगा एकदा बुडता बुडता वाचला होता. त्यामुळे बुडालेल्याला श्वास देण्याची नवी पद्धत शिकवायला काहीतरी हवं आहे हे कळल्यावर त्यांनी ते मनावर घेतलं.

हे ‘काहीतरी’ नसताना काय चालत होतं ते ऐका. 1950च्या दशकाच्या उत्तरार्धात बाल्टिमोरमध्ये भूलतज्ज्ञ पीटर सफार तोंडाने श्वास देण्याची पद्धत सिद्ध करत होते. त्यासाठी स्वेच्छेने पुढे आलेल्या माणसांना गुंगी आणून, स्नायू लुळे पाडणारं औषध देऊन त्यांचा श्वास थांबवला जाई आणि दुसरा माणूस त्यांच्यात हवा भरी. तोंडाने दिलेला श्वास हात वर-खाली करण्याच्या जुन्या पद्धतीपेक्षा सरस ठरला. पण असा धडा गावोगावी कोणाच्या देहावर गिरवणार?

1960 साली ॲन तयार झाली. त्याच वर्षी जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी छाती बाहेरून दाबून रक्ताभिसरण चालू ठेवता येतं हे प्रसिद्ध केलं. सफार यांच्या सूचनेवरून बाहुलीच्या छातीत स्प्रिंग बसली. आता चुकायला हरकत नव्हती, कारण चुकीने कोणाची बरगडी मोडणार नव्हती.

पुढची मोठी उडी कॅलिफोर्नियाची. 1967 साली सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात ‘सिम वन’ हा संगणकावर चालणारा पुतळा आला. त्याला नाडी होती, बाहुल्या लहानमोठ्या होत, औषधाला तो प्रतिसाद देई. शिकाऊ भूलतज्ज्ञ त्याच्या घशात नळी घालायला शिकत. पण असा पुतळा एकच बनला. काळाच्या फार पुढे होता बिचारा.

खरा बदल मात्र यंत्रातला नव्हता. 1980च्या दशकात स्टॅनफर्डचे भूलतज्ज्ञ डेव्हिड गाबा यांनी शस्त्रक्रियेची अख्खी खोलीच सरावासाठी उभी केली आणि विमान कंपन्यांकडून एक जुनी शहाणीव उसनी घेतली: अपघात पुष्कळदा कौशल्य कमी पडल्याने होत नाहीत, तर कनिष्ठाने वरिष्ठाला वेळीच न टोकल्याने होतात. मोठ्या सरांना मध्येच थांबवायचं धाडस आपल्याकडे किती जणांना होतं, ते तुम्हाला ठाऊक आहेच. म्हणून इथे टीमचा नेता कोण ते आधी ठरतं, ‘एक मिलिग्रॅम ॲड्रेनलिन’ असं सांगितल्यावर देणारी व्यक्ती ते मोठ्याने परत म्हणते, ‘दिलं’ असंही सांगते. नंतर सगळे मिळून स्वतःचं चित्रीकरण पाहतात. हातांपेक्षा हे तोंडाचं शिक्षण जास्त अवघड जातं.

तरीही एक गोष्ट सुटलीच. 2017 साली अमेरिकेत मांडलेल्या एका अभ्यासात, सार्वजनिक जागी हृदय बंद पडलेल्या पुरुषांपैकी 45 टक्क्यांना आसपासच्यांनी सीपीआर दिला, बायकांपैकी 39 टक्क्यांना. परक्या बाईच्या छातीला हात लावायचा संकोच हे त्यामागचं एक कारण मानलं जातं. आणि बाजारातल्या बहुतेक बाहुल्यांची छाती सपाट! बाईचा चेहरा घेऊन जन्मलेली बाहुली, पण सराव पुरुषाच्या छातीचा. 2019 साली अमेरिकेत नेहमीच्या बाहुलीला चढवता येईल असं, स्तन असलेलं ‘वुमनिकिन’ नावाचं जाकीट आलं. तुमच्या महाराष्ट्र मंडळात पुढचा वर्ग ठरेल तेव्हा शिकवणाऱ्यांना विचारा, असं काही आणता येईल का.