पाच मात्रांची दिगंत कीर्ती

‘टेक फाइव्ह’ ही धून मुळात रचली गेली ती ड्रमवादकाला मनसोक्त वाजवता यावे म्हणून. डेव्ह ब्रुबेक यांच्या चौकडीत जो मोरेलो ड्रम वाजवत. जॅझचा बहुतेक संसार तेव्हा चार मात्रांवर चालायचा. मोरेलोंना मात्र पाचाचा नाद होता. कार्यक्रमाआधी पडद्यामागे ते पाचाचा ठेका धरत आणि सॅक्सोफोनवादक पॉल डेस्मंड त्यावर काहीबाही सूर टाकत. यावर एक रचना करावी, असे ब्रुबेकनी सुचवले. डेस्मंडनी दोन सुटे तुकडे आणले आणि धून काही जमत नाही म्हणून हात टेकले. ब्रुबेकनी त्या तुकड्यांची क्रमवार मांडणी केली, नावही सुचवले. रचनाकार म्हणून नाव लागले ते डेस्मंड यांचेच.

न्यूयॉर्कमध्ये १ जुलै १९५९ रोजी ध्वनिमुद्रण झाले आणि वर्षअखेर ‘टाइम आउट’ या अल्बममधून धून बाहेर पडली. सगळ्या रचना नव्या, ताल अनोळखी, वर मुखपृष्ठावर कलाकारांच्या फोटोऐवजी अमूर्त चित्र. कोलंबिया कंपनीच्या विक्री विभागाला हा माल खपेल असे वाटत नव्हते. पण १९६१ मध्ये ‘टेक फाइव्ह’ अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत २५व्या क्रमांकावर पोहोचली आणि अल्बमची विक्री पुढे दहा लाखांपलीकडे गेली.

हे कसे जमले, त्याचे उत्तर पियानोत आहे. ब्रुबेक दोनच स्वरसंगती घेऊन तीन अधिक दोन असा आघात धरतात. आपल्या झपतालात दोन आधी, तीन नंतर, इथे उलटे. मोरेलोंचे एकल वादन सुरू झाले तरी पियानो जागचा हलत नाही. तबला सोलोला पेटीवर लेहरा धरावा, तसा तो चालू राहतो. मोरेलो मध्येच आघात रोखून धरतात, आडवेतिडवे जातात, पण पियानो सम दाखवत असल्याने मात्रा न मोजणारा श्रोताही वाट चुकत नाही.

हा लेहरा इतका भक्कम, की त्यावर कोणीही आपले घर बांधावे. ब्रुबेक आणि त्यांच्या पत्नी आयोला यांनी शब्द लिहिले, ते कार्मेन मॅक्रे यांनी गायले. स्वीडनमध्ये मोनिका सेटरलुंड यांनी ती स्वीडिश भाषेत गायली. जमैकात व्हॅल बेनेट यांनी १९६८ मध्ये तिला रेगेचा पेहराव चढवला आणि नावही बदलले: ‘द रशियन्स आर कमिंग’. जॉर्ज बेन्सननी ती गिटारवर आणली. अल जॅरो यांनी तर ड्रम, बास सगळे तोंडानेच उभे केले.

माझ्या मते मात्र सर्वांत सरस अवतार लाहोरचा. १९५८ मध्ये अमेरिकी परराष्ट्र खात्याने ब्रुबेक चौकडीला दौऱ्यावर पाठवले होते. त्या दौऱ्यात ब्रुबेक मुंबईत सतारवादक अब्दुल हलीम जाफर खान यांच्यासोबत वाजवायला बसले. म्हणून ‘टेक फाइव्ह’चे श्रेय मुंबईकडे ओढण्याचे कारण नाही, तो ठेका मोरेलोंचा. लाहोरचे नाते मात्र खरे. तिथे ब्रुबेकना ऐकणाऱ्यांत लहानगा इज्जत मजीद होता. मोठेपणी त्यांनी सचल स्टुडिओ काढला, पाकिस्तानी चित्रपटसृष्टी ढासळल्यावर बेकार झालेले वादक गोळा केले आणि २०११ मध्ये सतार, तबला आणि व्हायोलिनांवर हीच धून वाजवून घेतली. नव्वदी गाठलेल्या ब्रुबेकनी ती ऐकून मनापासून दाद दिली. तबल्याला पाच मात्रा नव्या नव्हत्याच. म्हणून या वादनात कुठेही कसरत जाणवत नाही.

डेस्मंड १९७७ मध्ये वारले. आपल्या रचनांचे मानधन त्यांनी मृत्युपत्रात अमेरिकन रेडक्रॉसच्या नावे केले. तेव्हापासून या धूनचे रचनाकाराचे उत्पन्न त्या संस्थेला मिळत आले आहे.