घरचे खत कोणाच्या वावरात?



आपल्या शिरपूर भागात बटाटा काही पुण्याकडच्या खेड-आंबेगावइतका होत नाही. पण ज्यांनी रब्बीत लावून पाहिला, त्यांना ठाऊक आहे की मोठा खर्च बेण्याचा. हेक्टरी पंधरा-वीस क्विंटल बेणे लागते. ते कापायला बसतात बाया. फोडीला दोन-तीन डोळे राखायचे, सडका बटाटा कापला गेला तर विळा जंतुनाशकात बुडवून घ्यायचा. नाहीतर बांगडी रोग पुढच्या फोडींत गेलाच म्हणून समजा. एवढे महागाचे बेणे ज्या हातांत, त्यांना ही माहिती सांगायला सहसा कोणी जात नाही. सांगणारा भेटतो सातबारावाल्याला. सोसायटीचे सभासदत्व, पीककर्ज, खताच्या गोण्या, सारे त्याच सातबाऱ्यामागून चालत येते.

हे बदलावे म्हणून आपल्याच मुलखात खटपट झाली. शिरपूरवरून जाणारा आग्रा रोड धुळे, मालेगाव ओलांडून चांदवडला पोचतो. तिथे नोव्हेंबर 1986 मध्ये शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन भरले. शेतात राबणाऱ्या बाईचा जमिनीवर हक्क काय, हा प्रश्न तिथे उघड मांडला गेला. पुढे शरद जोशींनी 'लक्ष्मीमुक्ती' काढली: ज्या गावात शंभर नवरे राजीखुशीने बायकोच्या नावे जमीन करतील, त्या गावाचा सत्कार. 1990 साली जळगाव जिल्ह्यातील विटनेरने ते करून दाखवले. अशा जमिनीसाठी मग 'सीता शेती'चा विचार आला: घरचे बी, घरचे खत, विकतचे कमीत कमी.

यात नुसता न्यायाचा प्रश्न होता असे समजू नका, पिकाचाही होता. हैदराबादजवळ मुख्यालय असलेल्या इक्रिसॅट संस्थेने 1981 ते 1985 या काळात आफ्रिकेतील बुर्किना फासो देशात गावोगाव नोंदी ठेवल्या. तिथे एकाच घरात नवऱ्याचे वावर वेगळे, बायकोचे वेगळे. पुढे 1996 मध्ये त्या नोंदींचा अभ्यास छापून आला. घर तेच, पीक तेच, वर्ष तेच. तरी बायकांच्या वावरात उतारा सुमारे 30 टक्के कमी! कारण साधे. शेणखत जवळजवळ सगळे पुरुषांच्या वावरात पडत होते. आता बघा, भरल्या वावरात आणखी एक गाडी खत टाकले तर वाढ थोडी, उपाशी वावरात तीच गाडी टाकली तर जास्त. त्या घरांचे पीक नुसत्या चुकीच्या वाटणीने सुमारे 6 टक्के बुडत होते. एक पैसा जास्त खर्च न करता!

आपल्याकडे वावरे सहसा अशी वेगळी नसतात, हे खरे. पण निंदणी करताना पिकाचा पिवळेपणा आधी जिला दिसतो, तिला खत कधी द्यायचे हे विचारतो कोण?

लक्ष्मीमुक्तीच्याच नावाने शासनाने 1992 मध्ये परिपत्रक काढले. नवऱ्याने स्वतः अर्ज केला, तर त्याच्याबरोबर बायकोचे नाव सातबाऱ्यावर सहधारक म्हणून लागते. अर्ज तलाठी कार्यालयात करायचा.