सुट्या भागांचा बाजार आणि घरातला संगणक

महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांत नव्वदच्या दशकात जो संगणक आला, तो पुष्कळदा कारखान्यातून मोहोरबंद खोक्यात आला नाही. मदरबोर्ड, प्रोसेसर, मेमरी, हार्ड डिस्क असे त्याचे भाग बाजारातून वेगवेगळे विकत घेतले गेले, दुकानातल्या किंवा ओळखीतल्या एखाद्या जाणत्या तरुणाने ते जोडले आणि मगच ते यंत्र घरातल्या टेबलावर चढले. अशा यंत्राला ‘असेंबल्ड’ म्हणत आणि कंपनीच्या यंत्राला ‘ब्रँडेड’. भारतातील संगणकप्रसाराचा इतिहास सरकारी धोरणे, मोठ्या कंपन्या आणि सॉफ्टवेअरची निर्यात यांच्या अंगाने पुष्कळ लिहिला गेला आहे, परंतु घरातला संगणक ज्यांच्या हातून उभा राहिला त्या सुट्या भागांच्या व्यापाऱ्यांना आणि जोडणी करणाऱ्यांना त्यात जेमतेम एखादी ओळ मिळते. ही उणीव लहान नाही, कारण संगणक म्हणजे काय, त्यात काय असते आणि ते कसे चालते हे ज्ञान एका संपूर्ण पिढीला मिळाले ते बऱ्याच अंशी या खरेदीच्या वाटेनेच.

या व्यापाराचे मुंबईतील मुख्य ठिकाण म्हणजे ग्रँट रोड स्थानकाजवळचा लॅमिंग्टन रोड. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचे नाव या रस्त्याला मिळाले होते. पुढे रस्त्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग झाले, पण व्यापाऱ्यांच्या आणि गिऱ्हाइकांच्या तोंडी जुनेच नाव राहिले. मिनर्व्हा, अप्सरा, नाझ अशा चित्रपटगृहांमुळे हा भाग प्रथम सिनेमाचा म्हणून ओळखला जाई, आणि त्याच रस्त्यावर स्वातंत्र्योत्तर दशकांत रेडिओचे, ध्वनिवर्धकांचे आणि पुढे दूरदर्शन संचांचे सुटे भाग विकणारी दुकाने वाढत गेली. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाल्यानंतर या मालाला नवे गिऱ्हाईक मिळाले. व्हॉल्व्ह, ट्रान्झिस्टर, रोधक, धारित्र म्हणजे विद्युतभार साठवणारा कपॅसिटर, असा किरकोळ माल नगावर विकणाऱ्या या दुकानदारांच्या अंगी एक कौशल्य आपोआप मुरले होते: वस्तूचा क्रमांक पाहून ती कशाला चालेल आणि कशाला चालणार नाही, हे सांगण्याचे. संगणकाच्या व्यापाराला नेमके हेच कौशल्य लागणार होते. हा योगायोग एकट्या मुंबईचा नाही. टोकियोचा अकिहाबारा हा बाजारही दुसऱ्या महायुद्धानंतर रेडिओच्या भागांवर वाढला आणि पुढे संगणकाकडे वळला. चेन्नईच्या रिची स्ट्रीटची वाटचालही याच जातीची आहे.

रेडिओच्या बाजारात संगणक शिरू शकला याचे तांत्रिक कारण अमेरिकेत घडले. जानेवारी १९७५ च्या ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकलेला ‘अल्टेअर ८८००’ हा संगणक सुट्या भागांचा संच म्हणून विकला जाई आणि घेणाऱ्याने तो डाख देऊन स्वतः जोडायचा असे. म्हणजे घरगुती संगणकाच्या प्रारंभापासूनच जोडणी हा त्याचा भाग होता. तथापि खरी दिशा मिळाली ती १२ ऑगस्ट १९८१ रोजी, आयबीएमने आपला ‘पीसी’ बाजारात आणला तेव्हा. वेळ वाचवण्यासाठी या कंपनीने इंटेलचा ८०८८ प्रोसेसर आणि इतरांनी बनवलेले बरेच भाग वापरले, शिवाय यंत्राच्या मंडलांचे आराखडे पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. तिच्या मालकीची महत्त्वाची गोष्ट उरली ती ‘बायोस’, म्हणजे यंत्र सुरू होताच सर्व भागांची तपासणी करून त्यांना कामाला लावणारा छोटा कार्यक्रम. त्याची नक्कल करणे बेकायदा असल्यामुळे कॉम्पॅक आणि नंतर फिनिक्स या कंपन्यांनी मूळ मजकूर न पाहिलेल्या अभियंत्यांकडून तेच काम करणारा वेगळा कार्यक्रम लिहून घेतला. १९८४ पासून फिनिक्सचा बायोस कोणाही उत्पादकाला परवान्यावर मिळू लागला आणि पीसी कोणा एका कंपनीचा राहिला नाही. तैवानमध्ये मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या, त्यांतल्या गिगाबाइट आणि एमएसआय १९८६ च्या, तर आसूस १९८९ ची. खाचा, जोडपट्ट्या आणि स्क्रूंची भोके सर्वत्र सारखीच झाल्यामुळे एका देशाची डिस्क दुसऱ्या देशाच्या बोर्डाला बिनतक्रार लागू लागली.

भारतात मात्र ही मोकळीक उशिरा पोचली. परकीय चलन नियमन कायद्यातील भागभांडवलाच्या अटींवरून आयबीएमने १९७८ मध्ये देश सोडला होता, आयात परवान्यांनी जखडलेली होती आणि शुल्क जबर होते. नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणाने आयात काहीशी सैल केली, आणि १९९१ च्या अर्थसंकल्पाने आयातशुल्काची कमाल मर्यादा १५० टक्क्यांवर आणल्यानंतर ती टप्प्याटप्प्याने उतरत १९९५ पर्यंत ५० टक्क्यांवर आली. डिसेंबर १९९६ मध्ये सिंगापूरला झालेल्या माहिती तंत्रज्ञान कराराला भारत पुढच्याच वर्षी जोडला गेला, आणि २००५ पर्यंत त्या करारातील मालावरचे शुल्क शून्यावर आले. मधल्या वर्षांत पुष्कळ माल बिलाशिवाय, शुल्क चुकवून येत असे आणि बाजार त्याला ‘ग्रे’ माल म्हणे. असेंबल्ड यंत्राच्या स्वस्ताईत या चुकवेगिरीचा आणि परवान्याविना भरून दिलेल्या सॉफ्टवेअरचा वाटा होता, हे या व्यापाराचा गौरव करतानाही नाकारता येत नाही. पण शुल्क उतरल्यावर ग्रे मालाचा फायदा आटला आणि तरीही असेंबल्ड यंत्र टिकले, यावरून त्याचे बळ निव्वळ करचुकवेगिरीत नव्हते हे सिद्ध होते.

ते बळ कशात होते हे ‘कोटेशन’ नावाच्या कागदावरून कळते. गिऱ्हाइकाने गरज सांगितली की दुकानदार प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम म्हणजे तात्पुरती मेमरी, हार्ड डिस्क, फ्लॉपी ड्राइव्ह, डिस्प्ले कार्ड, कॅबिनेट, कीबोर्ड, माउस आणि मॉनिटर अशी एकाखाली एक यादी करून समोर भाव लिहून देई. हा कागद घेऊन गिऱ्हाईक पाचसहा दुकाने फिरे, आणि फिरता फिरता त्याला कळत जाई की प्रोसेसर ठरला की मदरबोर्डची निवड मर्यादित होते, मदरबोर्ड ठरला की रॅमची जात ठरते, आणि कॅबिनेटमध्ये बसवलेला ‘एसएमपीएस’, म्हणजे घरातील विजेचे यंत्राला लागणाऱ्या कमी दाबाच्या एकदिश विजेत रूपांतर करणारा डबा, हलका घेतला तर बाकीचा महाग माल धोक्यात येतो. शाळा-महाविद्यालयांत संगणकाची अंतर्रचना फळ्यावर चौकोन काढून शिकवली जात असताना ती प्रत्यक्ष समजावून देणारा शिक्षक काउंटरमागे उभा होता. १९८७ पासून निघणाऱ्या ‘पीसी क्वेस्ट’सारख्या इंग्रजी मासिकांनी या ज्ञानाला छापील आधार दिला, मराठीत त्या तोडीचे काही नियमितपणे उपलब्ध नसल्याने बरेचसे ज्ञान तोंडीच फिरले.

जोडणीच्या कामात तेव्हा चुकीला फार जागा होती. जुन्या ‘एटी’ पद्धतीच्या एसएमपीएसमधून मदरबोर्डकडे जाणारे पी-८ आणि पी-९ हे दोन जोड दिसायला सारखेच असत आणि ते उलटे बसले तर बोर्ड जळू शके. म्हणून दोन्ही जोडांच्या काळ्या तारा मध्यभागी एकमेकींना लागून आल्या पाहिजेत हा नियम प्रत्येक जोडणी करणारा सर्वांत आधी पाठ करी. इंटेलने १९९५ मध्ये पुढे आणलेल्या ‘एटीएक्स’ रचनेत एकच आणि एकाच बाजूने बसणारा जोड आला तेव्हा हे भय संपले. पेंटियम प्रोसेसर एका वेळी ६४ बिट माहिती वाचे, तर त्या काळच्या ७२ टाचण्यांच्या मेमरीपट्टीतून ३२ बिटच मिळत, म्हणून पट्ट्या जोडीनेच घ्याव्या लागत. सोळा एमबी हव्या असल्या तर आठ-आठच्या दोन. एकाच केबलवर दोन हार्ड डिस्क लावायच्या तर ‘जंपर’ म्हणजे दोन टाचण्यांना जोडणारी इवलीशी टोपी सरकवून एकीला मास्टर आणि दुसरीला स्लेव्ह ठरवावे लागे. साउंड कार्डाला प्रोसेसरचे लक्ष वेधून घेण्यासाठी स्वतंत्र क्रमांकाची एक ओळ द्यावी लागे. ती प्रिंटरच्या ओळीशी जुळली की यंत्र अडखळे. विंडोज ९५ ने हे क्रमांक आपोआप वाटून देण्याची सोय आणली, परंतु डॉस या जुन्या कार्यप्रणालीतल्या खेळांसाठी ते पुष्कळ दिवस हातानेच द्यावे लागत होते.

हौशी मंडळींनी यापुढे मजल मारली. १९९८ मध्ये आलेला इंटेलचा ‘सेलेरॉन ३००ए’ हा स्वस्त प्रोसेसर ६६ मेगाहर्ट्झच्या बसवर, म्हणजे बोर्डावरील माहितीच्या मूळ ठेक्यावर, चालण्यासाठी विकला जाई; तो ठेका १०० वर नेला की बरेच नग ३०० ऐवजी ४५० मेगाहर्ट्झने चालत आणि कितीतरी महाग प्रोसेसरची बरोबरी करत. याला ‘ओव्हरक्लॉकिंग’ म्हणतात. त्यासाठी चांगला बोर्ड, चांगला पंखा आणि प्रोसेसर व उष्णताशोषक यांच्यामधला लेप नीट लावण्याची सवय लागे. मुंबईच्या उन्हाळ्यात या गोष्टींची परीक्षा थंड देशांपेक्षा कडक होत असे.

भारतीय घरात यंत्र मांडण्याचे प्रश्नही आपलेच होते. एसएमपीएसच्या पाठीवरचे लाल बटण २३० ऐवजी ११५ व्होल्टवर राहिले तर वीज लावताच तो उडे. अर्थिंग नसलेल्या जुन्या चाळींत कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येत. दाबातील चढउतारासाठी स्टॅबिलायझर आणि वीज गेल्यावर काम जतन करण्यापुरता वेळ देणारा यूपीएस हे यादीतले शेवटचे पण न टाळता येणारे भाग बनले. २००५ नंतरच्या वर्षांत राज्याच्या ग्रामीण भागात भारनियमन तीव्र झाले तेव्हा तर संगणक किती वाजता वापरायचा हे वीज कंपनीच्या वेळापत्रकावर ठरे. सरकत्या फळीचे संगणक-टेबल, प्लास्टिकचे आच्छादन आणि खंडेनवमी-दसऱ्याला शस्त्रांच्या व अवजारांच्या रांगेत कीबोर्डवरही वाहिलेले झेंडूचे फूल, हे सर्व घरातल्या संगणकाबरोबरच रूढ झाले.

भावांचा चढउतार दूरदेशीच्या घटनांवर अवलंबून असे. जुलै १९९३ मध्ये जपानमधील निइहामा येथे सुमितोमोच्या रसायन कारखान्यात स्फोट झाला आणि चिपांच्या वेष्टनासाठी लागणाऱ्या राळेचा पुरवठा तुटल्याने जगभर मेमरी महागली. २१ सप्टेंबर १९९९ च्या तैवानमधील भूकंपानंतर तेच घडले, आणि २०११ च्या थायलंडमधील पुराने हार्ड डिस्कचे भाव चढवले. कोटेशनवर ‘भाव आजपुरता’ असे बजावण्यामागे अशी कारणे होती, दुकानदाराचा लहरीपणा नव्हे.

मुंबईचा माल राज्यभर गेला. पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्लीच्या परिसरात इलेक्ट्रॉनिक मालाचा जुना बाजार होता. मात्र मुंबईहून आणलेल्या मालावर शहरात शिरताना जकात पडे, आणि मुंबईच्या वेशीवरची जकात तर थेट १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर येईपर्यंत चालू राहिली. जिल्ह्याच्या गावांत असेंबल्ड यंत्राचे पहिले मोठे गिऱ्हाईक पुष्कळदा छपाईचे काम करणारे होते. श्रीलिपी, आकृती किंवा सी-डॅकचे देवनागरी सॉफ्टवेअर घालून लग्नपत्रिका, हँडबिले आणि साप्ताहिके जुळवणाऱ्या ‘डीटीपी’ केंद्रांना दुरुस्ती गावातच व्हावी अशी गरज होती, आणि सुट्या भागांच्या यंत्राने ती भागवली. २००१ पासून एमएस-सीआयटी या संगणक-साक्षरता अभ्यासक्रमाची केंद्रे राज्यभर निघाल्यावर जोडणी-दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांना कायमचे काम मिळाले.

नंतर लॅपटॉप स्वस्त झाले, ऑनलाइन दुकानांनी भाव सर्वांसाठी उघड केले, मोबाइलने घरातल्या संगणकाची पुष्कळ कामे उचलली, आणि अनेक नव्या यंत्रांत मेमरी बोर्डालाच डाखून येऊ लागल्याने ती बदलण्याचा मार्गही बंद झाला. लॅमिंग्टन रोडवर आज मोबाइलचे सामान, सीसीटीव्ही कॅमेरे यांची दुकाने पुष्कळ आहेत. जोडणीचा व्यवसाय खेळांच्या आणि चित्रसंपादनाच्या ताकदवान यंत्रांपुरता आकसला आहे, पण जिवंत आहे. डाखून बंद केलेल्या यंत्राने वापर सोपा केला असला तरी त्याच्या मालकाला ते उघडण्याचा आणि समजून घेण्याचा हक्क कमी मिळतो, आणि हे नुकसान सोयीच्या बदल्यात मुकाट्याने सोसण्याइतके क्षुल्लक नाही.

या व्यवसायाची कागदपत्रे अजून घराघरांत पडून आहेत. ज्यांच्याकडे नव्वदच्या दशकातील कोटेशने, बिले, मदरबोर्डच्या पुस्तिका किंवा दुकानांची भावपत्रके उरली असतील त्यांनी ती रद्दीत घालू नयेत. त्यांवर दुकानाचे नाव, साल आणि गाव लिहून ठेवावे आणि जवळच्या ग्रंथालयाकडे किंवा महाविद्यालयाच्या इतिहास विभागाकडे सोपवावीत.