बटण आणि मतपत्रिका : दिल्ली, १९९८

दारावरची घंटा वाजवताना बटण दाबलेले असेपर्यंतच विद्युत मंडल पूर्ण राहते. बोट काढले की आतली स्प्रिंग संपर्क तोडते. हे क्षणिक बटण. फरिदाबादच्या एखाद्या कारखान्यात प्रेसवर दिसणारे लाल, भूछत्रासारखे बटण याच्या उलट वागते. ते दाबल्यावर मंडल तुटते आणि बटण आतच अडकून राहते. हाताने फिरवून किंवा ओढून सोडवल्याशिवाय यंत्र पुन्हा सुरू होत नाही.

मतदान यंत्रावरचे निळे बटण कोणत्या प्रकारचे? तेही क्षणिकच. पण त्याला कायद्याची मान्यता मिळायला बराच काळ जावा लागला.

केरळमधील परूर मतदारसंघात मे १९८२ मध्ये ५० मतदान केंद्रांवर हे यंत्र प्रथम वापरले गेले. शिवन पिल्लै १२३ मतांनी विजयी झाले. पराभूत उमेदवार ए. सी. जोस न्यायालयात गेले. त्यांचा मुद्दा यंत्र बिघडल्याचा नव्हता, कायद्यात अशा यंत्राला जागाच नाही, हा होता. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये तो मान्य केला. कायदा आणि नियम मतपत्रिका व मतपेटी गृहीत धरतात; निवडणूक आयोग त्यांना बाजूला सारू शकत नाही, असा तो निकाल होता. त्या ५० केंद्रांवर फेरमतदान झाले आणि जोस निवडून आले! पुढे डिसेंबर १९८८ मध्ये संसदेने लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम ६१अ घातले, तेव्हा कुठे बटण दाबणे हे कायदेशीर मतदान ठरले.

तरीही यंत्रे पडूनच राहिली. नोव्हेंबर १९९८ मध्ये १६ विधानसभा मतदारसंघांत ती वापरली गेली : मध्य प्रदेशात ५, राजस्थानात ५ आणि दिल्लीत ६. पुढच्याच वर्षी गोव्याची संपूर्ण विधानसभा निवडणूक यंत्रांवर झाली आणि २००४ मध्ये संपूर्ण लोकसभेची.

आता रचनेकडे नीट पाहा, कारण खरी गंमत तिथे आहे. यंत्राचे बाह्यरूप आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रातील अध्यापकांनी घडवले. मतदाराच्या एककावर १६ बटणे असतात. जेवढी नको असतील तेवढी झाकून टाकतात. मतदान अधिकाऱ्याने आपल्याकडचे ‘बॅलट’ बटण दाबल्याशिवाय मतदाराचे बटण काहीच करत नाही. एकदा दाबले की चिन्हाशेजारी लाल दिवा लागतो, लांब आवाज होतो, आणि त्यानंतर कितीही दाबले तरी दुसरे मत नोंदले जात नाही. म्हणजे इथले कुलूप स्प्रिंगमध्ये नाही, नियंत्रण मंडलात आहे. ‘क्लोज’ बटण टोपीखाली असते आणि ‘रिझल्ट’ मोहरबंद झाकणाआड, मतमोजणीच्या दिवसापर्यंत. माझ्या मते या यंत्रातील सर्वांत विचारपूर्वक केलेली गोष्ट हीच : कोणते बटण कोणाच्या बोटापासून दूर ठेवायचे.

‘यापैकी कोणीही नाही’ हे बटण सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१३ मधील निकालानंतर आले आणि त्याच वर्षीच्या दिल्ली विधानसभा निवडणुकीत वापरले गेले. दाबलेल्या बटणाचा कागदी पुरावा हवा, ही मागणीही जोर धरत होती. त्यासाठीच्या छपाई यंत्राची चाचणी जुलै २०११ मध्ये ज्या ठिकाणी झाली, त्यांत पूर्व दिल्लीही होती. आज मत दिल्यावर चिठ्ठी काचेआड सात सेकंद दिसते आणि मग बंद पेटीत पडते.