व्हायोलिनचे एकलवादन : यूरोपातील चढाओढ व महाराष्ट्रातील परंपरा

व्हायोलिनचे एकलवादन : साथसंगत व वृंदवादन यांहून भिन्न असे, एकाच वादकाच्या कौशल्यास व प्रतिभेस प्राधान्य देणारे व्हायोलिनवादन. यूरोपात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, म्हणजे स्वच्छंदतावादी संगीताच्या कालखंडात, ते कळसास पोहोचले. ‘व्हेरिएशन’ म्हणजेच रूपभेदमाला हा रचनाप्रकार त्याचे मुख्य साधन होता आणि वादक-रचनाकारांची परस्परांतील चढाओढ ही त्याची मुख्य प्रेरणा होती. महाराष्ट्रात हे वाद्य विसाव्या शतकात एकलवादनाच्या योग्यतेस आले, ते ख्यालगायकीच्या आश्रयाने. एकाच वाद्याच्या या दोन इतिहासांतून वाद्यातील कौशल्य कशाच्या सेवेस लावावे, या प्रश्नाची दोन निरनिराळी उत्तरे मिळतात.

रूपभेदमालेचे स्वरूप : प्रथम एक सोपी, बहुधा श्रोत्यांच्या परिचयाची धून वाजवावयाची आणि मग तिचा सांगाडा कायम ठेवून तिला एकामागून एक नवी रूपे द्यावयाची, असे या प्रकाराचे स्वरूप असते. कधी लय दुप्पट-चौपट होते, कधी सुरांची दाट वेलबुट्टी येते, कधी स्वरसप्तक बदलते, तर कधी एका वेळी दोन तारांवर दोन स्वरपंक्ती चालतात. स्पर्धेच्या दृष्टीने या प्रकारात एक विशेष सोय होती. धून सर्वांस ठाऊक असल्यामुळे वादकाने तिच्यात काय भर घातली, हे सामान्य श्रोत्यालाही कळत असे. दोन वादकांनी एकच धून घेतली, तर त्यांची तुलना करणेही सुलभ होई. इटलीतील लोकप्रिय ऑपेरांमधील गीते आणि लोकधुना यांवर शेकडो रूपभेदमाला रचल्या गेल्या, त्याचे हे एक कारण होय.

या वादनास वाद्यातील सुधारणेचीही जोड मिळाली. फ्रांस्वा तूर्त (१७४७–१८३५) या फ्रेंच कारागिराने अठराव्या शतकाच्या अखेरीस गजाला आजचे आतून वाकलेले रूप दिले. त्यामुळे गजाचा ताण व तोल वाढला आणि तो तारेवर उडविणे, आपटणे किंवा दीर्घकाळ एकसारखा ओढणे वादकाच्या स्वाधीन झाले.

पॅगानीनी व त्याचे प्रतिस्पर्धी : या युगाचा अध्वर्यू नीक्कोलो पॅगानीनी (१७८२–१८४०) हा जेनोआ येथे जन्मला. १८१३ मध्ये मिलान येथील ला स्काला नाट्यगृहात त्याने सादर केलेल्या ‘ले स्त्रेगे’ (चेटकिणी) या रूपभेदमालेने इटलीत त्याचा लौकिक पसरला. १८२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या चोवीस ‘काप्रिची’ या एकट्या व्हायोलिनसाठी रचलेल्या असून, त्यांतील अखेरची एका लहान धुनेवरील अकरा रूपभेद व समारोप अशी आहे. तारेला बोटाचा केवळ हलका स्पर्श करून बासरीसारखे सूर काढणे, गज चालू असतानाच डाव्या हाताच्या बोटांनी तारा छेडणे, गजाच्या एकाच ओढीत तो उडवीत अनेक सूर घेणे आणि संपूर्ण रचना केवळ खर्जाच्या एका तारेवर वाजविणे, ही त्याची वैशिष्ट्ये होती. रोस्सीनीच्या मोझेस या ऑपेरातील प्रार्थनेवर त्याने केलेली रचना अशा एकाच तारेसाठी आहे.

१८१६ मध्ये मिलान येथे पॅगानीनी व फ्रेंच वादक शार्ल फिलीप लाफाँ (१७८१–१८३९) यांचा सामना झाला. दोघांनी आळीपाळीने व एकत्र वादन केले. लाफाँचा सूर अधिक भरदार असावा, हे पॅगानीनीने मान्य केल्याचे सांगतात. तथापि त्याच्या चाहत्यांनी हा सामना त्याचा विजय म्हणूनच प्रसिद्धीस आणला. पुढे लाफाँला १८३० मध्ये आपला पराभव झाला नसल्याचा जाहीर खुलासा करावा लागला. पोलिश वादक कारोल लिपीन्यस्की (१७९०–१८६१) याने १८१८ मध्ये इटलीत पॅगानीनीबरोबर स्नेहभावाने वादन केले आणि आपल्या तीन ‘कॅप्रिस’ त्याला अर्पण केल्या. १८२९ मध्ये मात्र वॉर्सा येथे रशियाच्या झारच्या राज्याभिषेकप्रसंगी हे दोघे प्रतिस्पर्धी म्हणून उभे राहिले आणि वृत्तपत्रांतून त्यांचे दोन पक्ष पडले. दोन कलावंतांतील चढाओढ वाढविण्यात श्रोते व वृत्तपत्रे यांचा वाटा केवढा मोठा असतो, हे या प्रसंगातून दिसून येते.

रहस्य आणि अनुकरण : पॅगानीनीने आपल्या हयातीत फारच थोड्या रचना छापू दिल्या. त्याच्या कॉन्चेर्तोंपैकी व प्रसिद्ध रूपभेदमालांपैकी काही त्याच्या मृत्यूनंतर, १८५१ मध्ये पॅरिस येथे प्रसिद्ध झाल्या. आपले तंत्र हेच आपले भांडवल, अशी त्याची भूमिका होती. हे भांडवल केवळ कानांच्या आधारे मिळविण्याचा प्रयत्न हाइन्‍रिख व्हिल्हेल्म एर्न्स्ट (१८१२–६५) याने केला. ब्रनॉ येथे जन्मलेल्या एर्न्स्टने १८२८ मध्ये व्हिएन्ना येथे पॅगानीनीचे वादन प्रथम ऐकले व त्यानंतर त्याच्या मागोमाग तो यूरोपभर फिरला. पॅगानीनीच्या शेजारची खोली भाड्याने घेऊन त्याचा रियाझ तो चोरून ऐके, अशी आख्यायिका आहे. ती बाजूस ठेवली, तरी पाइझ्येल्लोच्या एका ऑपेरागीतावरील पॅगानीनीची अप्रकाशित रूपभेदमाला त्याने ऐकून आत्मसात केली होती आणि १८३७ मध्ये मार्से येथे दोघांची प्रत्यक्ष स्पर्धा झाली, या गोष्टी संगीतेतिहासात नमूद आहेत.

‘व्हेनिसचा उत्सव’ (कार्निव्हल) या धुनेवरील रूपभेदांबाबतचा वाद पॅगानीनीच्या मृत्यूनंतरही चालू राहिला. पॅगानीनीने १८२९ च्या सुमारास लोकप्रिय केलेल्या या धुनेवर एर्न्स्टने स्वतःची माला रचली व तिला अफाट लोकप्रियता लाभली. पॅगानीनीचा शिष्य कामील्लो सीव्होरी (१८१५–९४) हा आपल्याजवळच गुरूचा अस्सल पाठ असल्याचे सांगे. छापील संहिता उपलब्ध नसली, म्हणजे परंपरेचा खरा वारस कोण, हा वाद अटळ ठरतो. गुरुमुखी विद्येच्या आपल्या घराण्यांनाही तो अपरिचित नाही.

या चढाओढीचा शेवट वेगळ्याच रीतीने झाला. संधिवातासारख्या दुखण्याने एर्न्स्टचे वादन अखेरच्या वर्षांत बंद पडले. त्या अवस्थेत त्याने एकट्या व्हायोलिनसाठी सहा बहुस्वरी अभ्यासिका रचल्या. त्यांतील प्रत्येक त्याने एकेका समकालीन वादकास अर्पण केली : लाउब, सँतों, योआखिम, व्ह्यताँ, हेल्मेसबर्गर व बात्सीनी. बात्सीनीला अर्पण केलेली सहावी ‘ग्रीष्मातील अखेरचा गुलाब’ या आयरिश धुनेवरील रूपभेदमाला असून, व्हायोलिनच्या वाङ्‌मयातील अत्यंत अवघड रचनांमध्ये तिची गणना होते. जे रहस्य मिळविण्यासाठी एर्न्स्टने तारुण्य वेचले, ते त्याने स्वतः वाजवू शकत नसताना छापील स्वरूपात प्रतिस्पर्ध्यांच्या हाती दिले. त्यांपैकी योझेफ योआखिम (१८३१–१९०७) याच्या प्रभावामुळे पुढे बाख, बेथोव्हन यांच्या रचनांचे निष्ठापूर्वक वादन हेच व्हायोलिनवादकाचे ध्येय मानले जाऊ लागले आणि रूपभेदमालांचा बहर ओसरला. पॅगानीनीच्या चोविसाव्या काप्रिचीची धून मात्र लिस्ट, ब्राम्स व राख्मानिनॉव्ह यांनी पियानोसाठी पुनःपुन्हा घेतली.

व्हायोलिनचे भारतात आगमन : दक्षिण भारतात मुथ्थुस्वामी दीक्षितर यांचे बंधू बालुस्वामी दीक्षितर (१७८६–१८५८) यांनी हे वाद्य कर्नाटक संगीतात रुजविले, म्हणजे पॅगानीनीच्याच हयातीत भारतात त्याला दुसरा जन्म लाभला. गोव्यात पोर्तुगीज अमदानीतील चर्चच्या शाळांतून व्हायोलिनचे शिक्षण दिले जाई. तेथील वादक पुढे मुंबईच्या वाद्यवृंदांत व चित्रपटसंगीतात मोठ्या संख्येने आले. हिंदुस्थानी रागसंगीतात मात्र व्हायोलिन प्रथम गायकाच्या साथीला बसले. १९४० पासून सुमारे तीन दशके नभोवाणीवर संवादिनीस बंदी होती. त्या काळात साथीसाठी सारंगीबरोबरच व्हायोलिनलाही अधिक वाव मिळाला.

या स्थलांतरात वादनपद्धती बदलली. वादक मांडी घालून बसू लागला आणि वाद्याचे टोक उजव्या पायावर टेकू लागल्यामुळे डावा हात वाद्य सावरण्याच्या कामातून मोकळा झाला. साहजिकच तारेवरून बोट घसरवीत मींड व गमक घेणे सुकर झाले. तारा पाश्चात्त्य पद्धतीने सलग पंचमांत न लावता षड्ज-पंचमांच्या जोड्यांत लावण्याची रीत पडली. पॅगानीनीने प्रसिद्धीस आणलेली बासरीसारख्या सुरांची व तारा छेडण्याची करामत येथे दुय्यम ठरली आणि एका सुरातून दुसऱ्या सुरात जाण्याची अखंडता मुख्य ठरली.

महाराष्ट्रातील वादक : महाराष्ट्रातील एकलवादनाचा बराचसा उगम बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९–१९२६) यांनी महाराष्ट्रात आणलेल्या ग्वाल्हेर गायकीत आढळतो. बाळकृष्णबुवांचे शिष्य व औंध संस्थानचे गायक अनंत मनोहर ऊर्फ अंतूबुवा जोशी यांचे पुत्र गजाननराव जोशी (१९११–८७) यांनी पित्याकडून गायनाचे शिक्षण घेतले. रामकृष्णबुवा वझे, भूर्जीखाँ व विलायत हुसेनखाँ यांच्याकडून त्यांना ग्वाल्हेरखेरीज जयपूर व आग्रा घराण्यांचीही तालीम मिळाली. व्हायोलिन त्यांनी मुख्यतः स्वप्रयत्नाने आत्मसात केले. ते गायक व व्हायोलिनवादक अशा दोन्ही नात्यांनी मान्यता पावले. १९७२ मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार लाभला.

बाळकृष्णबुवांचे दुसरे शिष्य विष्णू दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) यांनी उत्तरायुष्यात नाशिक येथे रामनाम आधार आश्रम स्थापून तेथे शिष्यांस विद्यादान केले. त्यांचे पुत्र द. वि. पलुस्कर (१९२१–५५) यांच्या प्रासादिक गायकीचा ठसा कुरुंदवाड येथे जन्मलेले दामोदर केशव दातार (१९३२–२०१८) यांच्या वादनावर उमटला. विघ्नेश्वरशास्त्री यांच्याकडे शिकलेल्या दातारांचे व्हायोलिन ऐकताना बंदिशीचे शब्दच उमटतात, असा रसिकांचा अभिप्राय असे. विष्णू दिगंबरांचे आणखी एक शिष्य ओंकारनाथ ठाकूर (१८९७–१९६७) यांच्याकडे शिकून एन्. राजम् यांनी गायकी अंगाच्या व्हायोलिनवादनाचा प्रवाह वाराणसीस नेला. अशा रीतीने नाशिकच्या आश्रमाशी निगडित असलेली गायनपरंपरा दोन मार्गांनी व्हायोलिनमध्ये उतरली.

वाई येथे जन्मलेले विष्णू गोविंद जोग (१९२२–२००४) यांची दिशा वेगळी होती. शंकरराव आठवले, गणपतराव पुरोहित आदींकडे प्रारंभीचे शिक्षण झाल्यावर त्यांना अल्लाउद्दीनखाँ यांचे मार्गदर्शन लाभले. लखनौ येथील अध्यापनानंतर त्यांनी कलकत्त्यास नभोवाणीवर काम केले. गजाचे तुटक, लयबद्ध आघात व तंतकारी अंगाची लयकारी यांवर त्यांचा भर असे. बिस्मिल्लाखाँ यांच्या शहनाईबरोबरच्या त्यांच्या जुगलबंदीच्या ध्वनिमुद्रिका विशेष लोकप्रिय झाल्या. १९८३ मध्ये त्यांना पद्मभूषण हा किताब मिळाला. गोमंतकीय वादक श्रीधर पार्सेकर यांनीही मधुर व चपळ वादनाने रसिकांना मोहिनी घातली.

तुलना : जुगलबंदीतील सवाल-जवाब हे वरकरणी मिलान येथील सामन्यासारखे भासतात. एकाने स्वराकृती मांडावयाची व दुसऱ्याने ती उचलून पुढे न्यावयाची, ही रीत दोहोंकडे समान आहे. तथापि राग व ताल ही दोघांचीही सामाईक मर्यादा असल्याने, प्रतिस्पर्ध्यावर मात करण्याच्या भरात रागरूप बिघडले, तर तो विजय मानला जात नाही. रूपभेदमालेत धून कायम राहते व तिची सजावट बदलते. ख्यालात बंदिशीचा मुखडा समेवर परत येत राहतो आणि दोन मुखड्यांमधील विस्तार त्याच क्षणी सुचलेला असतो. म्हणून पॅगानीनीला आपले रूपभेद दडवून ठेवावे लागले, तशी गरज येथील वादकास भासली नाही. त्याने एका मैफलीत केलेली बढत दुसऱ्याने जशीच्या तशी उचलली, तरी पुढच्या मैफलीत तो स्वतःही ती तशी वाजवीत नसे.

या पद्धतीची उणीवही ध्यानात घेतली पाहिजे. यूरोपात चढाओढीच्या पोटी व्हायोलिनसाठी मोठे लिखित वाङ्‌मय निर्माण झाले आणि वाद्याच्या सर्व शक्यता कसास लागल्या. महाराष्ट्रात गायकीची हुबेहूब प्रतिकृती हीच वादनाची परमावधी मानली गेल्याने, खास व्हायोलिनच्या प्रकृतीतून सुचलेल्या रचना थोड्याच झाल्या. जोगांसारख्या वादकाचे महत्त्व या संदर्भात विशेष आहे. वाद्याने गळ्याच्या पलीकडेही काही बोलावे, हा आग्रह त्यांच्या वादनात स्पष्ट दिसतो. उलटपक्षी गायकीनिष्ठ परंपरेचे फलितही मोलाचे आहे. गजाननराव जोशी यांची विद्या उल्हास कशाळकर यांच्यासारख्या गायक-शिष्यांत चालू राहिली. व्हायोलिनवादक म्हणून ख्याती पावलेल्या गुरूचा वारसा अशा रीतीने पुन्हा गळ्यातच प्रकट झाला.